वेषाची उलटी बाजू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरसाल ही व्याख्यानमाला चालविता, त्यांच्याविषयी मघाशी प्रास्ताविकात एक गोष्ट सांगण्यात आली आणि तिने माझे निम्मे काम हलके केले. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा शेवटचा पडदा पडला, की गुरुजी लगेच घरी न जाता रंगपटात बसत, मुलांच्या अंगावरून उतरलेला एकेक कपडा झटकून, उलटा करून, कुठे शिवण उसवली आहे हे बोटांनी चाचपून पाहत आणि मगच तो पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवीत. कपडा उलटा करून पाहणे ही कृती वरवर क्षुल्लक दिसते. परंतु आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे ज्याने रंगभूमीसाठी कपडे बेतण्यात, कापण्यात आणि शिवण्यात घालविली, त्या माझ्यासारख्या माणसाला तीत एक संपूर्ण शास्त्र दिसते. म्हणून आजचा विषय मी हाच घेतला आहे. लोकपरंपरेतील एखादा वेष आपण रंगमंचासाठी नव्याने घडवू लागतो, तेव्हा तो कसा योजावा, कसा कापावा, कसा शिवावा, आणि हे करताना आपण कोणाचे ऋणी असतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

या गावी कापडाविषयी बोलताना मला विशेष समाधान वाटते, त्याला कारण आहे. सेलू ही कापसाची बाजारपेठ. मनमाडहून परभणीकडे आणि पुढे सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या या गावातून किती कापूस बाहेर गेला असेल, आणि तोच कापूस कुठल्या कुठल्या मागांवरून फिरून लुगडे, धोतर किंवा खण होऊन इथल्याच दुकानांत परत आला असेल! तेव्हा आपण मुळाचे मालक आहात. मी फळाविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम एक प्रश्न विचारतो. लोकवेष म्हणजे काय? डोळे मिटा आणि गोंधळी आठवा. पायघोळ झगा, डोक्यावर पगडी, गळ्यात कवड्यांच्या माळा, एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणे आणि मध्ये पेटलेली दिवटी. तुळजापूरच्या भवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, असे त्यांचे दोन भेद आपल्या मराठवाड्याला परिचित आहेत. आणि परभणीच्या राजारामबापू कदमांचे नाव घेतले की गोंधळ म्हणजे काय हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आता पहाटेचा वासुदेव आठवा : मोरपिसांची उंच टोपी, घेरदार अंगरखा, हातात चिपळ्या. माळेगावच्या यात्रेतला वाघ्या आठवा, त्याच्या शेजारची नऊवारीतली मुरळी आठवा. आणि मरीआईचा पोतराज आठवा : उघडे अंग, कपाळी मळवट, हाती कोरडा, पायांत चाळ आणि कमरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा.

आपण हे सगळे पाहिले आहे. पण कसे पाहिले आहे? समोरून पाहिले आहे. उलट्या बाजूने कधीच पाहिलेले नाही. आणि स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात जेव्हा आपण शिंप्याकडे जाऊन एक वासुदेव आणि दोन गोंधळी पाहिजेत असे सांगतो, तेव्हा त्या बिचाऱ्या शिंप्याला आपण एक चित्र देतो, वेष देत नाही. चित्रावरून चित्रच तयार होते. ते छायाचित्रात शोभते आणि पहिल्या गिरकीला फाटते.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येईल, आणि पुढील सारे विवेचन हा त्या वाक्याचाच तपशील आहे. लोकवेषाचे रूप त्याच्या कामातून आलेले असते. म्हणून तो रंगमंचावर आणणाऱ्याने आधी त्याचे काम उचलावे, रूप मागून आपोआप येते.

मराठी रंगभूमीला हे नवीन नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, आणि त्यांवरून स्फूर्ती घेऊन 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभे केले, तेव्हा आपल्या नाटकाचा पहिला पोशाखच मुळी लोकरंगभूमीच्या शेजाराने घडला. पुढे 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि बालगंधर्वांच्या नऊवारी नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. पुरुषदेहावर नेसलेले एक वस्त्र स्त्रियांना नेसण्याचा पाठ देते, हे वस्त्राचे केवढे सामर्थ्य! त्यानंतरचे म्हणाल तर 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये धोतर-उपरण्यातल्या माणसांची एक रांग उभी राहते. ती रांग पडदा होते, भिंत होते, पुण्याचे ब्राह्मण होते, कीर्तनातला समुदाय होते, आणि यांतल्या कशासाठीही तिला पोशाख बदलावा लागत नाही. एकच साधे वस्त्र, परंतु ते पाठमोरे झाले तर काय सांगते आणि सन्मुख झाले तर काय सांगते, याचा विचार त्यामागे झालेला आहे. आणि शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने एकाच रात्री रंगमंचावर किती लोकप्रकार आणले! अशा कार्यक्रमात नर्तकाला एक वेष टाकून दुसरा चढविण्यास गाण्याच्या दोन कडव्यांइतकीच सवड असते. शिवलेली नऊवारी रंगभूमीला हवीशी झाली, तिच्या मुळाशी हीच घाई आहे.

त्या नऊवारीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. श्रोत्यांनी क्षमा करावी. परंतु माझ्या मते मराठी वेषशास्त्राचे मर्म या एका वस्त्रात साठविलेले आहे.

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. सत्तावीस फूट लांबीचे, कात्री न लागलेले, सुई न लागलेले एक आयताकृती कापड. ते कमरेभोवती फिरते, पुढे त्याची गाठ बसते, निऱ्यांचा ओचा होतो, मधला भाग पायांतून मागे जाऊन काष्टा म्हणून खोचला जातो आणि उरलेले टोक छातीवरून पदर होऊन खांद्यावर जाते. त्यात बटण नाही, नाडी नाही. या लुगड्यात बाईने भात लावला, कापूस वेचला, ती घोड्यावर बसली, आणि याच लुगड्यात लावणीची नर्तकी कित्येक शेरांचे चाळ पायांत बांधून रात्रभर नाचली. ते फाटत का नाही? कधी विचार केला आहे? ते फाटत नाही, कारण त्याला शिवण नाही. जिथे ताण येईल, तिथे एक घडी दुसरीवरून सरकते, ताण पुढच्या घडीला देते, ती तिच्या पुढचीला देते. शिवण असती तर सगळा ताण त्या एका रेषेवर गोळा झाला असता. शरीर वाकते, बसते, उठते, तसे ते कापड क्षणोक्षणी स्वतःला नव्याने बेतून घेते.

आता याच नऊवारीला आपण रंगमंचासाठी शिवू लागतो. त्यात गैर काही नाही, हे आरंभीच सांगतो. जुने ते सोने म्हणून कात्रीला शिव्या देणाऱ्यांपैकी मी नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीला नऊवारी नेसवून उभी करण्यास जाणत्या बाईलाही वेळ लागतो, आणि रंगपटात तशा वीस मुली आणि जाणत्या बाया दोनच असतात. तेव्हा शिवणे आले. दोन पायांचे दोन भाग, पुढे निऱ्या, मागे काष्टा, कमरेला नेफा आणि नाडी, कडेला हुकांची पट्टी, आणि पदर वेगळा कापून जोडलेला : हा आज सर्वत्र रूढ झालेला बेत आहे. त्याचे बाह्यरूप बिनचूक असते. चूक असते ती आत.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. फार वर्षांपूर्वी एका संमेलनासाठी मी लावणीची शिवलेली नऊवारी केली होती. काठ सुरेख, रंग सुरेख, निऱ्यांना खळ देऊन धार आणलेली. ती मुलगी नाचू लागली, आणि दुसऱ्या कडव्याला ती बैठकीत खाली गेली त्याच क्षणी आसनाची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. मुलगी धीराची. तिने पदर कमरेभोवती लपेटला आणि नाच पुरा केला. सभागृहाला काही कळले नाही. मी मात्र विंगेत उभा होतो आणि मला सर्व कळले होते. त्या रात्री ती रंगपटात एका कोपऱ्यात बसून रडत होती, आणि तिच्या अश्रूंना मी, केवळ मीच, कारण होतो. तिच्या आजीने मला शांतपणे सांगितले, की माप तुम्ही उभ्या पोरीचे घेतले आणि नाच तर बसून करावयाचा होता. तीस-पस्तीस वर्षे उलटली, पण यापलीकडचा धडा मला कुठल्याही पुस्तकाने दिलेला नाही.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी करीत आलो आहे. त्या सांगतो, इथे शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी मोठ्या संख्येने आल्या आहेत, त्यांनी त्या पारखून पाहाव्यात.

आसनाचे माप मी नर्तकीला पाय फाकवून, लावणीच्या बैठकीत बसवून घेतो. फीत पोटाच्या मध्यापासून पायांतून मागे कमरेपर्यंत फिरवावयाची. उभ्या मापात आणि या मापात पडणारे अंतर पाहून पहिल्या वेळी आपण थक्क व्हाल; सगळे उसवणे त्या अंतरात दडलेले असते. नंतर, जिथे दोन पायांच्या शिवणी एकमेकींस मिळतात तिथे मी चार शिवणींची फुली पडू देत नाही. त्या जागी एक चौकोनी ठिगळ, कोपरा पुढे आणि कोपरा मागे असे, बर्फीच्या आकाराने बसवितो. म्हणजे ताण त्या ठिगळाच्या कर्णावर येतो, आणि कापड कर्णाच्या दिशेने ताणले की रबरासारखे देते, हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक आहे. हे ठिगळ काही माझा शोध नव्हे. आपल्या जुन्या अंगरख्याच्या काखेत हाच चौकोन असे. त्याला चौबगला म्हणतात. गोंधळी दिवटी उंच उचलतो तेव्हा त्याचा सबंध झगा वर खेचला जात नाही, तो या पायघोळ झग्यातल्या चार बोटे कापडामुळे. कोण्या निरक्षर शिंप्याने तो पहिल्यांदा बसविला, त्याचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही. त्याची बुद्धी मात्र त्या काखेत आजही शिवलेली आहे.

तिसरी गोष्ट काष्ट्याची. काष्टा मी फक्त कमरेशी टीप मारून पक्का करतो, खाली मोकळा सोडतो, निऱ्याही तशाच. पुढची गाठ तर मी शिवीतच नाही. दोन हात कापड शिल्लक ठेवतो आणि ती गाठ नर्तकीने रंगमंचावर जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताने मारावी, असा माझा आग्रह असतो. का? व्यवहाराचे कारण असे की नाडी तुटली तरी गाठ वेष धरून ठेवते. पण याहून एक सूक्ष्म कारण आहे. ती गाठ मारताना मुलीचा श्वास खोल जातो, पाठ सरळ होते, कमरेची जाणीव जागी होते. नेसण्याच्या क्रियेत जे अर्धे नृत्य दडलेले आहे, ते शिवलेल्या वस्त्राने हिरावून घेतलेले असते, त्यातले थोडेसे तिला परत मिळते. आपण हवे तर याला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणा. मला तो सोडवत नाही.

आता घेराकडे येतो. वासुदेवाचा अंगरखा असो वा पोतराजाच्या घागऱ्यावरून सुचलेला नर्तकीचा झगा असो, घेर हाच त्याचा प्राण. गिरकी घेतली की तो फुलला पाहिजे, थांबली की पायांशी मिटला पाहिजे. हा घेर कसा काढावा?

सोपा मार्ग चुण्यांचा. समजा नर्तकीची कंबर 28 इंच आहे आणि खालचा घेर आपल्याला 240 इंच, म्हणजे सुमारे पावणेसात वार, हवा आहे. 240 इंच रुंदीचे कापड घेतले, दोरा ओवला आणि ते सारे 28 इंचांत गोळा केले. झाला घागरा. पण कमरेशी काय झाले? 240 इंच कापड 28 इंचांत कोंबले गेले, म्हणजे साडेआठपट जाडीचे कडबोळे पोटावर बसले. अंगठ्याएवढी मुलगी पखालीसारखी दिसू लागते, आणि ज्या वजनाने खाली फिरावयाचे ते वर कमरेला लोंबकळते. फिरताना असा घागरा फुलत नाही, तो पायांना मारतो.

दुसरा मार्ग कळ्यांचा. बारा कळ्या घ्या. प्रत्येक कळी वर 2⅓ इंच, खाली 20 इंच. बारा वेळा 2⅓ म्हणजे 28. बारा वेळा 20 म्हणजे 240. हिशेब चुकता होतो आणि कमरेशी एकही चुणी नाही. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया धरली, तर कळी वर 3⅓ आणि खाली 21 इंच होते. आता खरी गंमत पाहा. 24⅓ इंच रुंदीचा एक आयत घ्या आणि त्याला एकच तिरका काप द्या, वर एका कडेपासून 3⅓ इंचांवर सुरू होऊन खाली त्याच कडेपासून 21 इंचांवर संपणारा. दोन कळ्या पडतात, एकीचे डोके वर, दुसरीचे खाली, आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही! असे सहा आयत केले की झगा पुरा. सगळी रुंदी 146 इंच. चुण्यांच्या घागऱ्याला 240 लागले होते. तोच घेर, आणि कापड सुमारे दोन-पंचमांशाने कमी. आपल्या गरीब मुलुखातल्या शिंप्यांनी कळी का पसंत केली, ते यावरून उमजेल. काटकसरीतून सौंदर्य जन्मते याचे याहून निखळ उदाहरण मला माहीत नाही.

दोन सूचना मात्र पाळाव्यात. प्रत्येक कळीची एक कड सरळ धाग्याची आणि दुसरी तिरकी असते. जोडताना नेहमी एकीची सरळ कड दुसरीच्या तिरकीला जोडावी, म्हणजे सरळ धागा तिरक्याला आधार देतो. दोन तिरक्या कडा एकत्र आल्या की ती शिवण लोंबते. आणि झगा जोडून झाल्यावर लगेच खालची तुरपाई करू नये; तो एक दिवस आणि एक रात्र खुंटीला टांगून ठेवावा. तिरका भाग स्वतःच्या वजनाने उतरतो, कुठे बोटभर, कुठे दोन बोटे. तो उतरल्यावर खालची कड समान कापावी आणि मग दोरा धरावा. संमेलनाच्या आदल्या रात्री शिवलेला घेर वाकडा दिसतो तो शिंप्याच्या हाताने नव्हे; त्याला टांगण्याएवढी सवड आपण दिलेली नसते.

खणाचा झगा करताना आणखी एक अडचण येते. गुळेदगुड्डचा खण आपल्या घरोघरी ओटीत असतो. त्याचा पन्हा अरुंद, दोन्ही कडांना काठ, मध्ये बारीक बुट्टी. कळ्या उलटसुलट कापल्या की निम्म्या कळ्यांवरची नक्षी डोक्यावर उभी राहते. बुट्टी चौफेर सारखी असेल तर प्रश्न नाही. देऊळ, मोर, हत्ती असेल तर उलटा हत्ती कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. अशा खणाच्या मी कळ्या करीत नाही. तो अखंड पट्ट्यांनी कमरेला मोकळा टांगतो, पोतराज टांगतो तसा, आणि आत साध्या सुती कापडाचा कळीदार झगा ठेवतो. घेर आतला झगा देतो, रंग बाहेरचे खण देतात. पोतराज हे कोणत्या कलाशाळेत शिकला होता?

अस्तराविषयी थोडक्यात. चकाकणारे कृत्रिम कापड अंगाला लावू नये; दिव्यांच्या उष्णतेत मुले घामाघूम होतात. इथून फार दूर नसलेल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरूबरोबर मशरू विणले जाई : वर रेशीम, अंगाकडून सूत. झगमगाट बघणाऱ्याला आणि आराम घालणाऱ्याला, असा न्याय त्या विणीतच केलेला आहे. आपल्याला मशरू परवडणार नाही, पण तो न्याय परवडतो. दोन रुपयांची चमक बाहेर लावा आणि आत मऊ मांजरपाट घाला. लाल खण पिवळ्याशेजारी जोडण्याआधी त्याचा तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून पाहा, रंग सुटतो की काय. घाम म्हणजे मिठाचेच पाणी. आणि कवड्या ओवताना प्रत्येक कवडीमागे गाठ मारा, दोऱ्याला मेण लावा. एक तुटली तर एकच पडेल, नाहीतर अनवाणी नाचणाऱ्या पोरांच्या पायांखाली सबंध माळ विखुरेल.

रंगांविषयी बोलल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. गोंधळ्याच्या वेषात पांढऱ्या कवड्या, हळद आणि कुंकू हेच रंग का? त्यात धार्मिक अर्थ आहे, तो आपण जाणता. परंतु मी एक कारागीर म्हणून विचार करतो, की हा वेष कोणत्या प्रकाशात पाहण्यासाठी घडला? दिवटीच्या. तेलाची ज्योत पिवळी-तांबूस असते. तिच्यात निळा आणि गर्द हिरवा काळवंडतात, पिवळा आणि तांबडा पेट घेतात, आणि पांढरी कवडी चांदणीसारखी दूरवर चमकते. कित्येक पिढ्यांनी रात्रीमागून रात्री पाहून, जे दिसत नाही ते टाकले आणि जे दिसते ते ठेवले, असा माझा तर्क आहे. आज आपण तोच वेष विजेच्या रंगीत दिव्यांखाली नेतो, वर निळा झोत सोडतो, आणि कुंकवाचा मळवट काळा ठिक्कर पडतो; कारण निळ्या प्रकाशात तांबड्याला परत फेकण्यासारखे काही उरतच नाही. मग दोष कोणाचा, वेषाचा की झोताचा? कापड खरेदी करावयाचे तर त्याचा तुकडा ज्या दिव्यांखाली प्रयोग होणार त्या दिव्यांखाली धरून पाहा. दुकानाच्या दारातील उन्हात घेतलेला निर्णय रंगमंचावर टिकत नाही.

आता जरा नाजूक गोष्टीकडे वळतो, आणि इथे आपण मतभेद दर्शविलात तरी मी रागावणार नाही. आपण ज्यांचे वेष घेतो, त्यांचे आयुष्य काय होते? मुरळीचा वेष सुंदर आहे. परंतु लहान मुलीला देवाला सोडण्याची ती प्रथा किती दारुण होती! मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, तो हुकूम इथे लागू नव्हता. पोतराजाच्या अंगावर ओढलेला कोरडा हा खेळ नव्हता. त्यामागे भूक आणि नवस होते. मग हे वेष रंगमंचावर आणूच नयेत काय? माझे उत्तर असे, की आणावेत, पण हसण्यासाठी आणू नयेत. पोतराजाचा घागरा एखाद्या थोराड मुलाला नेसवून, त्याला वेडेवाकडे नाचवून लोकांना हसविण्याचा प्रघात अनेक संमेलनांत पडला आहे. मला तो अतिशय दुःखद वाटतो. ज्या खणाने देवीची ओटी भरली जाते, तोच खण त्या माणसाच्या कमरेला आहे, एवढे जरी शिंप्याने आणि शिक्षकाने ध्यानात ठेवले, तरी घागरा वेगळा शिवला जाईल आणि नाच वेगळा बसविला जाईल.

वेष बेतणाऱ्याच्या हाती केवढे सामर्थ्य असते, याचे एक उदाहरण देतो. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथय्या यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल 1983 साली ऑस्कर मिळाले. जॉन मोलो हे त्यांचे सहकारी होते. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात बॅरिस्टरच्या विलायती पोशाखापासून पंच्यापर्यंत एक माणूस कपड्याकपड्याने मोकळा होत जातो, आणि प्रेक्षकाला त्याचे अंतरंग कळत जाते. जगाने मानलेले हे काम मराठी मुलखात वाढलेल्या एका स्त्रीने केले. आपल्या गावच्या शिंप्याला आणि शिवणवर्गातल्या मुलींना हे कोणी सांगितले आहे काय? कपडे शिवणे म्हणजे पोटापाण्याचा धंदा, एवढेच त्यांना ठाऊक असते. तो धंदा आहेच. पण वेष बेतणारा हा नाटकाचा सहलेखक असतो.

शिंप्यांच्या बोलीत एक शब्द आहे, मघाशी मी तो सहज वापरला : माया. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाजारी कपड्यात ती करंगळीएवढीही नसते. रंगभूमीच्या कपड्यात ती दोन्ही कुशींना दोन-दोन इंच असावी, असे मी सांगत आलो आहे. कारण हा कपडा यंदा एका मुलीच्या अंगावर असतो, पुढच्या वर्षी दुसरीच्या, आणि तिच्यानंतर तिच्या धाकट्या बहिणीच्या. गुरुजींच्या त्या पत्र्याच्या पेटीतले कपडे वर्षानुवर्षे टिकले असतील, तर ते या मायेच्या बळावर, आणि दरसाल ते उलटे करून पाहणाऱ्या डोळ्यांच्या बळावर.

येत्या महिन्या-दोन महिन्यांत सेलूच्या आणि आसपासच्या गावांच्या शाळांतून स्नेहसंमेलने होतील. माझी आपणांस हात जोडून एवढीच विनंती आहे. आपल्या तालुक्यात गोंधळ घालणारी घरे आहेत. त्यांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या गोंधळ्याला मानाने शाळेत बोलवा, त्याची दक्षिणा त्याला द्या, आणि त्याचा झगा शिवणवर्गातल्या मुलींना उलटा करून पाहू द्या. मापे नर्तकांना बसवून घ्या. शिंप्याला किमान पंधरा दिवस आधी कापड पोचवा. आणि कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, दिग्दर्शकाचे नाव छापाल, त्याच आकाराच्या अक्षरांत त्या शिंप्याचेही नाव छापा.